जोडाक्षरं

सातवीत शाळा सुटली तेव्हा
जोडाक्षरं माझी कच्चीच होती.
राहिली तशीच. गरज पडली नाही.
वाचायला आमच्याकडे शांतवन होते.

रबाळ्याच्या कारखान्यात भट्टीवर सत्तावीस वर्षं.
तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं.
म्हणून रविवारी उपासनेत ते वाचायला उभे राहिले
की ऐरोलीच्या आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये
लोक माईक बंद करून ठेवायचे.
मागे पेंगणारे बर्नबास काकासुद्धा
पाय खाली घेऊन नीट बसायचे.

आता त्यांच्या गळ्याला भोक आहे, रुपयाएवढं.
मी ते रोज कोमट पाण्याने पुसते,
वर जाळीचा रुमाल बांधते.
आवाज दवाखान्यात राहिला.
बाटलीत, की कचऱ्यात,
कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या इमारतीच्या बोर्डावर लिहिलं होतं कर्करोग.
ते मात्र मी एका दमात वाचलं.
डोक्यावर रफार कसा पेलायचा
हे कुणी शिकवावं लागलं नाही.

दर तीन महिन्यांनी तपासणी.
आदल्या रात्री मला भीती वाटते, खरं सांगते.
पाळक म्हणतात, विश्वास ठेवा, भिऊ नका.
ठेवते. आणि भितेही.
तुर्भ्याच्या बाजारातून एकाच पिशवीत
कांदे आणि अंडी आणते मी,
तशी दोन्ही घेऊन जपून चालते.

बाहेर हायटेन्शनच्या तारा गुणगुणत असतात,
खाडीकडून चिखलाचा वास येतो,
घराचे हप्ते अजून एकसष्ट,
धाकटीची फी.
मी छताकडे बघून म्हणते, बापा,
आणि पुढचं काही सुचतच नाही.
तेवढंच. बापा.
त्यात एकही जोडाक्षर नाही.

अशाच एका रात्री त्यांनी शास्त्र आणून
माझ्या मांडीवर ठेवलं.
पाटीवर खडूने लिहिलं: वाच.
मला नाही जमायचं, म्हटलं.
त्यांनी त्याच शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.

भट्टीची गोष्ट निघाली. मुद्दामच काढली असणार.
तीन पोरं, सोन्याची मूर्ती, सातपट पेटवलेला जाळ.
राजाच्या नावाशी मी अडकले.
सहा अक्षरं, त्यांत दोन जोडाक्षरं,
इथेही लिहीत नाही, चुकेल.
चारदा आपटले. पाचव्यांदा तोंडातून
कुठल्याशा औषधाचं नाव निघालं
आणि शांतवन हसले.

आवाज नाही. जाळीतून नुसती शीळ,
कुकरची पहिली असते तशी, अर्धवट.
सात महिन्यांनी.
मी हसले, मग रडले, मग चष्मा पुसून
ओळ शोधायला लागले.
त्यांचं बोट तिथेच होतं, हललं नव्हतं.

तिघांना टाकलं होतं, आत चौघे दिसले.
इथे ते बोट बराच वेळ थांबलं.
भट्टीला बघायचं भोक असतं, काळ्या काचेचं.
अर्धं आयुष्य त्यातून बघितलंय या माणसाने.
पाटीवर लिहिलं: आत कुणी उभं राहू शकत नाही.
मला माहीत आहे.
बाहीने पुसलं.
मग लिहिलं: म्हणूनच चौथा लागतो.

आज वाचनाला माझं नाव लावलंय.
माईक चालू आहे, हुं हुं करतोय.
पहिल्याच ओळीत ख्रिस्त.
हा एक शब्द मला लहानपणापासून येतो,
आई चुलीच्या राखेत बोटाने काढायची.
अर्धा स. पुढच्या त ला टेकलेला.
एकटा ठेवला तर पडेल.

तिसऱ्या रांगेत शांतवन.
मांडीवर शास्त्र उघडं, बोट ओळीवर.
मंगळवारी तपासणी आहे.
गुडघे कापतायत.
वाचते.